थर्मोस्टॅटची बॅटरी सारखी उतरते? भिंतीपाशी थांबू नका, बेसमेंटमध्ये जा

जानेवारीतली पहाट. पाय गार पडले म्हणून जाग आली. हॉलमध्ये आलो तर हीटिंग आणि एसी चालू-बंद करणाऱ्या, भिंतीवरच्या गोल थर्मोस्टॅटचा पडदा काळा आणि खाली एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. मुलीच्या खोलीतल्या घड्याळावर तापमान होतं ५८ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १४ सेल्सियस, आणि बाहेर बर्फ. थर्मोस्टॅट भिंतीवरून ओढून काढला, मागे चार्जरची केबल लावली, दोन तास चार्ज केला आणि परत बसवला. खाली फर्नेस (घर तापवणारं यंत्र) सुरू झाल्याचा आवाज आला आणि जिवात जीव आला. अकरा दिवसांनी पुन्हा तेच.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हा 'बॅटरी लो'चा संदेश मी दोनदा पाहिला, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात. तिसऱ्यांदा तो मित्राच्या घरी पाहिला. संदेश तिन्ही वेळा तोच होता, कारणं मात्र तीन, आणि एकाचाही बॅटरीशी संबंध नव्हता. पहिल्या वेळी मी नवी बॅटरी मिळते का ते शोधत बसलो आणि त्यात तीन आठवडे थंडीत घालवले. तुमचे ते आठवडे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे गच्चीवरची पाण्याची टाकी सारखी रिकामी व्हायला लागली तर कुणी टाकी बदलत नाही. खालून पाणी चढतंय का, पंप चालू आहे का, व्हॉल्व्ह कुणी बंद केलाय का, हे आधी बघतात. थर्मोस्टॅटमधली बॅटरी म्हणजे तशीच एक छोटी टाकी. ती भरणारं पाणी येतं बेसमेंटमधल्या किंवा माळ्यावरच्या फर्नेसमधून. तिथे एक ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातल्या १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो आणि बारीक तारांवरून वर पाठवतो. टाकी रिकामी होत असेल तर या २४ व्होल्टच्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे. तो शोधायचा, एवढंच काम.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. थर्मोस्टॅटच्या मागच्या तारा जाड असतील, त्यांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालून जोडलेलं असेल किंवा लेबलवर १२० वा २४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ती इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरची (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या विजेच्या हीटरची) वायरिंग आहे. तिला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. खाली लिहिलंय ते सगळं २४ व्होल्टच्या बारीक रंगीत तारांबद्दल आहे. त्या तारा उघडण्याआधीसुद्धा फर्नेसचा ब्रेकर पाडायचाच. २४ व्होल्टचा झटका बसत नाही, पण लाल तार चुकून दुसरीला टेकली तर फर्नेसच्या बोर्डवरचा फ्यूज उडू शकतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

पहिला प्रश्न: सी वायर आहे का?

थर्मोस्टॅट भिंतीवरून काढा आणि मागच्या प्लेटवरची अक्षरं वाचा. 'आर' म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज, 'डब्ल्यू' म्हणजे हीटिंग, 'वाय' म्हणजे कूलिंग, 'जी' म्हणजे पंखा. 'सी' म्हणजे कॉमन, विजेला ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचा रस्ता. जुन्या थर्मोस्टॅटना या रस्त्याची गरजच नव्हती. ते साधे बटणासारखे होते: आर आणि डब्ल्यू जोडले की फर्नेस सुरू, तोडले की बंद. म्हणून जुन्या घरांमध्ये सी वायर बहुतेक वेळा ओढलेलीच नसते, किंवा ओढलेली असली तरी कुठेच जोडलेली नसते.

स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र वाय-फाय, पडदा, सेन्सर या सगळ्यांसाठी चोवीस तास वीज लागते. सी नसेल तर तो ती चोरून घेतो. सिस्टिम बंद असताना वाय किंवा डब्ल्यूच्या तारेतून अगदी थोडा करंट ओढतो, इतका थोडा की पलीकडचा रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) ओढला जाऊ नये. सिस्टिम चालू असताना तर अजूनच अवघड. तेव्हा त्याच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट असतात, त्यामुळे त्याला सर्किट क्षणभर तोडून तेवढ्यात घोटभर वीज घ्यावी लागते. बऱ्याच घरांत हे वर्षानुवर्षं चालतं. पण कडाक्याच्या थंडीत फर्नेस तासन् तास चालतो, मिळकत घटते आणि खर्च तोच राहतो, मग बॅटरी खाली खाली जाते. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ना हीटिंग ना कूलिंग, तेव्हाही काही घरांत हेच होतं.

याची लक्षणं ठरलेली असतात. आधी थर्मोस्टॅट वाय-फायवरून गायब होतो, कारण बॅटरी वाचवायला तो सगळ्यात आधी रेडिओ बंद करतो. लोक मग राउटर चालू-बंद करत बसतात. त्यानंतर पडदा मंद होतो किंवा उठतच नाही. काही घरांत फर्नेसमधून अधूनमधून विनाकारण टक-टक असा रिलेचा आवाज येतो. चोरून घेतलेला करंट जरा जास्त झाला की रिले फडफडतो, त्याचा तो आवाज. हा आवाज येत असेल तर संशय सरळ सी वायरवर घ्या.

तुमच्या थर्मोस्टॅटमध्ये विजेचे आकडे बघायची सोय असेल तर ते आधी बघा. गुगलच्या नेस्ट लर्निंग थर्मोस्टॅटमध्ये सेटिंग्जमधल्या टेक्निकल इन्फोत 'पॉवर' नावाचं पान आहे. तिथे बॅटरी ३.८ व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक. ३.६ च्या खाली असेल तर टाकी तळाला लागलीय. आकडा एकदाच बघून थांबू नका. सकाळी, दुपारी, रात्री असा तीन दिवस लिहून ठेवा. फर्नेस किंवा एसी चालू असताना आकडा उतरतो आणि बंद असताना चढतो, असं दिसलं तर तुम्हाला अर्ध्याहून अधिक उत्तर मिळालं.

माझ्या जानेवारीच्या दुखण्याचं कारण हेच होतं. मागच्या प्लेटवर चार तारा होत्या: लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. सी मोकळा. मी धरून चाललो होतो की आता नवी केबल ओढावी लागणार, भिंत फोडावी लागणार. पण प्लेट काढून केबल पकडीनं बोटभर बाहेर ओढली, तर भोकाच्या आत तपकिरी आवरणाला एक निळी तार साप गुंडाळावा तशी गुंडाळलेली निघाली. घर बांधताना पाच तारांची केबल टाकली होती आणि पाचवी नको म्हणून मागे दडवली होती. खाली फर्नेसपाशी गेलो तर तिकडे निळी तार आवरणाच्या कडेलाच कापून टाकलेली. ब्रेकर पाडला, केबलचं आवरण दोन इंच मागपर्यंत सोलून घेतलं, निळ्या तारेचं टोक मोकळं केलं आणि बोर्डवरच्या सीच्या स्क्रूखाली घट्ट बसवलं. वर दुसरं टोक थर्मोस्टॅटच्या सीमध्ये. बॅटरी त्या रात्रीच चढायला लागली आणि तो हिवाळा पुढे निवांत गेला.

म्हणून माझं सांगणं हे की नवी केबल ओढण्याआधी भिंतीतली केबल बाहेर ओढून बघाच. आणि दोन्ही टोकं बघा. वरच्या टोकाला सीमध्ये तार दिसते, पण खाली ती कुठेच जोडलेली नाही, असं खूप घरांत असतं. थर्मोस्टॅटच्या दृष्टीनं ती तार असून नसल्यासारखी.

जास्तीची तार खरंच नसेल तर तीन वाटा आहेत. जीची हिरवी तार दोन्हीकडून काढून सीवर लावता येते. त्यात पंखा एकटा चालवायची सोय जाते. हीटिंगमध्ये पंखा फर्नेसचा बोर्डच सांभाळतो, त्यामुळे तिकडे फरक पडत नाही. कूलिंगमध्ये पंखा चालावा म्हणून बोर्डवर वाय आणि जीमध्ये छोटा जोड द्यावा लागू शकतो. दुसरी वाट म्हणजे कंपनीचाच पुरवणी डबा. इकोबी कंपनीच्या बऱ्याच थर्मोस्टॅटसोबत पॉवर एक्स्टेंडर किट येतं, नेस्टचा पॉवर कनेक्टर वेगळा मिळतो. हे डबे फर्नेसच्या आत बसवायचे असतात. मला ही वाट सर्वांत स्वच्छ वाटते. तिसरी वाट, भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर. तार भिंतीवरून लोंबत राहते, पण भाड्याच्या घरात तेच सोयीचं पडतं. फक्त तो लावताना तुमच्या थर्मोस्टॅटची आकृती नीट बघा. 'आरसी' आणि 'आरएच' (कूलिंग आणि हीटिंगसाठीच्या 'आर'च्या दोन जागा) आतून जोडलेले असतील तर फर्नेसचा ट्रान्सफॉर्मर आणि हा नवा ट्रान्सफॉर्मर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. त्यासाठी मध्ये वेगळा रिले लागतो आणि ते काम जाणकाराकडून करून घ्यावं.

इथल्या ज्या जुन्या घरांत लोखंडी रेडिएटर आणि पाणी तापवणारा बॉयलर असतो, तिथे थर्मोस्टॅटपर्यंत बहुधा दोनच तारा येतात. अशा घरात सीशिवाय स्मार्ट थर्मोस्टॅट लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळाभर बॉयलर बंद, चार्जिंगही बंद, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत बटण दाबावं तर पडदा काळा.

सी वायर आहे, तरी बॅटरी उतरते

हे जास्त गोंधळात टाकणारं. आमच्याकडे दीड वर्षानं, जुलैत, नेमकं हेच झालं. घर तापत होतं, एसी चालत नव्हता आणि दुपारपर्यंत थर्मोस्टॅटवर तोच लाल दिवा. निळी तार मी स्वतः लावलेली, ती ओढून बघितली, घट्ट होती. आता नक्की थर्मोस्टॅटच गेला असं वाटलं. नवा मागवायला फोन हातात घेतला होता, तेवढ्यात बेसमेंटमध्ये फर्नेसच्या पायाशी ओल दिसली.

एसी चालतो तेव्हा थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते. ते पाणी पाइपानं बाहेर जातं, आणि बेसमेंटमध्ये उतार मिळत नसेल तर एक छोटा कंडेन्सेट पंप ते वर ढकलतो. पंप म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी टाकी, आत एक तरंगता फ्लोट. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप सुरू होतो. पण पंप अडकला आणि पाणी काठाला आलं तर घर भिजू नये म्हणून दुसरा एक सुरक्षेचा स्विच असतो. त्याच्या दोन बारीक तारा थर्मोस्टॅटच्या वायरिंगमध्येच अडकवलेल्या असतात, कुठे आरच्या वाटेवर, कुठे वायच्या. पाणी चढलं की तो स्विच तार तोडतो. आरवर असेल तर थर्मोस्टॅटची वीजच जाते. वायवर असेल आणि तुमच्याकडे सी नसेल, तर चोरून वीज घ्यायची वाट बंद होते. दोन्हीकडे पडद्यावर येतं काय, तर 'बॅटरी लो'.

आमच्या पंपाचं झाकण उघडलं तर आत काठोकाठ पाणी आणि त्यावर शेवाळाचा तपकिरी, बुळबुळीत थर. फ्लोट त्यात चिकटून बसला होता. पंपाचा प्लग काढला, पाणी बादलीत ओतलं, टाकी पांढऱ्या व्हिनेगरनं आणि जुन्या टूथब्रशनं घासली, फ्लोट बोटानं दोन-चारदा वर-खाली केला. परत बसवून तांब्याभर पाणी ओतलं. पंप घुर्रर्र झाला, पाणी ओढून घेतलं आणि थांबला. जिना चढून वर येईपर्यंत थर्मोस्टॅट जागा झाला होता. फोनवर मागवायचं राहिलेलं ते यंत्र अजूनही मागवायची वेळ आलेली नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात दर महिन्याला कपभर पांढरं व्हिनेगर त्या पाइपात ओततो. ज्यांचा फर्नेस माळ्यावर आहे त्यांनी कॉइलखालचं पसरट तसराळं बघावं. त्यात पाणी साचलं असेल तर पाइप तुंबलाय. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम लावला की बहुतेक वेळा गाळाचा गोळा निघून येतो. आणि हे फक्त उन्हाळ्यातलं नाही. ९० टक्क्यांवर कार्यक्षमता असलेल्या नव्या फर्नेसमधून हिवाळ्यातही पाणी निघतं. पंपाची बारीक नळी बाहेर गोठली की जानेवारीतही हाच स्विच पडतो.

पाण्याची भानगड नसेल तर पुढची ठिकाणं पटापट बघून घ्या. फर्नेसच्या खालच्या दाराआड एक बटण असतं. दार नीट बसलं नाही की ते बटण सुटतं आणि सगळी वीज जाते. फिल्टर बदलल्यानंतर थर्मोस्टॅट मेला असेल तर जवळजवळ नक्की हेच, दार काढून परत दाबून बसवा. बोर्डवर गाडीत असतो तसा चपटा फ्यूज असतो, ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा, मोठा मुळीच नको. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी तारा एकमेकींना टेकताहेत. भिंतीत ठोकलेला खिळा, उंदरानं कुरतडलेलं आवरण, बाहेरच्या एसी युनिटपाशी उन्हानं तडकलेली केबल, या तीन जागा बघून घ्या.

मग तारांची टोकं. प्रत्येक तार हलक्या हातानं ओढून बघा. सुटून हातात आली तर ती कधी नीट बसलेलीच नव्हती. उघडं तांबं साधारण एक सेंटिमीटर, सरळ आणि चकचकीत हवं. काळं पडलं असेल तर कापून नवं टोक करा. काही वेळा तांब्याऐवजी प्लॅस्टिकचं आवरणच क्लॅम्पखाली दाबलं गेलेलं असतं. बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं आणि वीज मात्र लागून-तुटून येते.

मल्टिमीटर असेल तर

साधा मल्टिमीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि या कामात तो दहा अंदाजांपेक्षा मोलाचा. चकती एसी व्होल्टवर ठेवा (इथे एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे, विजेचा प्रकार), २०० च्या खुणेवर. फर्नेसचं दार बंद, ब्रेकर चालू, आणि थर्मोस्टॅटच्या प्लेटवर एक टोक आरला, दुसरं सीला. २४ ते २८ च्या दरम्यान आकडा आला तर वीज वरपर्यंत पोचतेय. मग थर्मोस्टॅट परत बसवा, दुसऱ्या कुणाला हीटिंग किंवा एसी सुरू करायला सांगा आणि खाली बोर्डवर आर-सीमधल्या आकड्याकडे बघत राहा. थोडा उतरला तर चालेल, पण २० च्या खाली गेला तर ट्रान्सफॉर्मर दमलाय किंवा त्याच्यावर जास्त भार आहे. घरांतले ट्रान्सफॉर्मर बहुधा ४० व्होल्ट-अँपिअरचे असतात. नंतर कुणी त्याच्यावर ह्युमिडिफायर किंवा झोनचे डँपर (घराच्या वेगवेगळ्या भागांत हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपा) चढवले की तो पुरा पडत नाही.

वर शून्य येतंय आणि खाली बोर्डवर आर-सीमध्ये २४ येतंय, तर दोष मधल्या तारेत किंवा त्या पाण्याच्या स्विचमध्ये. खालीही शून्य, तर फ्यूज, दाराचं बटण, ब्रेकर, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर. बोर्डवर मोजताना फर्नेसमध्ये १२० व्होल्टही उघडे असतात, हे विसरू नका. हात सरावलेला नसेल तर फक्त वरची मोजणी करा आणि तो आकडा तंत्रज्ञाला सांगा. "बॅटरी जातेय" असं सांगण्यापेक्षा "वर आर-सीमध्ये शून्य येतंय" असं सांगितलं की त्याचाही वेळ वाचतो आणि तुम्हाला नवा थर्मोस्टॅट विकायची घाईही कुणी करत नाही.

पेन्सिल सेलवाले थर्मोस्टॅट

यांचं वेगळं. यात टाकी भरत नाही, नुसती रिकामी होते. चांगले अल्कलाइन सेल वर्षाच्या आसपास टिकायला हवेत. दोन महिन्यांत संपत असतील तर बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. रिचार्जेबल सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात आणि थर्मोस्टॅटला ते पहिल्या दिवसापासून अर्धवट संपलेले वाटतात. लिथियम सेल शेवटपर्यंत भरलेले दिसतात आणि मग एकदम जातात, त्यामुळे सूचना उशिरा मिळते. मॅन्युअलमध्ये त्यांना परवानगी असेल तरच वापरा. जुना आणि नवा सेल एकत्र नको. पट्ट्यांवर पांढरी भुकटी जमली असेल तर ती सेलमधून गळलेली अल्कली. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, पूर्ण सुकू द्या, मग सेल घाला. थर्मोस्टॅटच्या जागी वाय-फायची रेंज कमजोर असेल तर तो सतत राउटर शोधत राहतो आणि सेल खातो. आणि अशा थर्मोस्टॅटला सीची जागा दिलेली असेल तर ती वापरा, मग सेल नुसते आधारापुरते राहतात.

बॅटरी स्वतःच गेली, असं म्हणायची पाळी या सगळ्यानंतर येते. आतली लिथियम बॅटरी केबलनं पूर्ण भरली, आर-सीमध्ये २४ व्होल्ट नीट आहेत, तरी काही तासांत आकडा कोसळतो, तर बॅटरी म्हातारी झालीय. सॉफ्टवेअरचाही दोष असू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्या एका अपडेटमधल्या चुकीमुळे ऐन थंडीत अनेकांच्या थर्मोस्टॅटची बॅटरी अशीच उतरली होती. काल-परवापर्यंत सगळं ठीक होतं आणि नुकतं अपडेट आलंय, तर कंपनीच्या मदतकेंद्राला आधी विचारा.

मित्राच्या घरचा लाल स्विच

तिसरा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडण्यासारखा आहे. मित्राची आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेली. नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "अरे, थर्मोस्टॅटची बॅटरी दर दोन-तीन दिवसांनी जातेय, जरा येऊन बघशील का?" गेलो. सी वायर होती, फ्यूज ठीक, पाणी नाही. मल्टिमीटर लावला तर आर-सी २६. सगळं उत्तम. चहा झाला, निघायला लागलो, आणि बेसमेंटच्या जिन्यावरून वर येताना काकूंनी माझ्यामागून हात लांब करून लाल पट्टीवरचं बटण बंद केलं. जिन्यातल्या दिव्याचं बटण त्याच्या शेजारीच होतं, तेही बंद केलं. पन्नास वर्षांची सवय, खोलीतून बाहेर पडताना दिसेल ते बटण बंद करायचं.

इथे अमेरिकेच्या उत्तर-पूर्वेकडच्या बऱ्याच घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा एक स्विच असतो. तो बॉयलर किंवा फर्नेसची सगळी वीज तोडतो. दिसतो हुबेहूब दिव्याच्या बटणासारखा. काकू कपडे धुवायला खाली जाऊन वर आल्या की तो बंद व्हायचा, आणि संध्याकाळी खाली जाताना मित्र दिवा लावायला दोन्ही बटणं वर करायचा, म्हणून पुन्हा सुरू. बॅटरी तेवढा वेळ तग धरायची. ज्या दिवशी तो उशिरा घरी यायचा, त्या दिवशी संपायची.

काकूंना वाईट वाटलं. "मी वीज वाचवत होते रे," म्हणाल्या. त्यांची काहीच चूक नव्हती, त्या बटणावर तसं लिहायला हवं होतं. मग त्यांनीच मार्करनं ठसठशीत अक्षरात कागद लिहून चिकटवला: "हे दिव्याचे बटण नाही. बंद करू नये." तुमच्याकडे आई-वडील येणार असतील तर ते येण्याआधीच असा कागद लावा, मराठीत.

भारतात जाण्याआधी

सगळ्यात जास्त काळजी मला याची वाटते. डिसेंबरात तीन-चार आठवडे घर बंद असतं, बाहेर गोठणबिंदूखाली, आणि थर्मोस्टॅट मेला की फर्नेस थांबतो. दोन दिवसांत भिंतीतले पाइप गोठून फुटू शकतात. पुण्यात बसून फोनवर 'ऑफलाइन' बघण्यापलीकडे काहीच करता येत नाही. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बॅटरीचे आकडे तीन दिवस लिहा. उतरते दिसले तर तसंच ठेवून निघू नका. तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली ठेवू नका. घरात येणारं पाणी मुख्य व्हॉल्व्हवर बंद करा. बॉयलरचं घर असेल तर त्याआधी बॉयलरला पाणी कुठून येतं ते तंत्रज्ञाला विचारा. शेजाऱ्याकडे किल्ली आणि फर्नेसच्या स्विचची जागा दाखवणारा फोटो ठेवा. थर्मोस्टॅट ज्या वाय-फायवर आहे त्याच्याशी संबंध नसलेला, सिमकार्डवर चालणारा तापमानाचा सेन्सर मिळाला तर तो घ्या, कारण थर्मोस्टॅट मेल्याची बातमी द्यायला थर्मोस्टॅट जिवंत नसतो.

आणि एक साधा, सेलवर चालणारा जुन्या पद्धतीचा थर्मोस्टॅट कपाटात ठेवा. त्याला दोन तारा पुरतात, आर आणि डब्ल्यू. रात्री दोन वाजता स्मार्ट थर्मोस्टॅटनं दगा दिला तर ब्रेकर पाडायचा, तारांचा फोटो काढायचा, दोन तारा याच्यात बसवायच्या, ब्रेकर चढवायचा. फर्नेसकडून २४ व्होल्ट येत असतील तर पंधरा मिनिटांत घर तापायला लागतं, आणि खरं कारण दुसऱ्या दिवशी उजेडात शोधता येतं. उष्णतेसाठी हीट पंप (एसीसारखंच यंत्र, जे घर गरमही करतं) असेल तर तिथे तारा जास्त आणि अक्षरंही वेगळी, तेव्हा हा उपाय चालणार नाही. तिथे तंत्रज्ञाचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि फर्नेसपाशी गॅसचा वास आला, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी घराबाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.